हजारच्या पुढचा एक फूट

मल्लेश्वरम, बेंगळूरु
१२ फेब्रुवारी २०२४

चि. श्रीवत्सा,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते. पत्राच्या शेवटापर्यंत माझं मन तेवढं मोठं राहील की नाही, सांगता येत नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. कानातलं यंत्र तू डबीत जपून ठेवतोस, म्हणून मला फोनवर एकच वाक्य तीनदा ओरडावं लागतं. मागच्या वेळी तर वरच्या मजल्यावरची संहिता घाबरून खाली धावत आली. (संहिता म्हणजे माझी नवी भाडेकरू. पुण्याची आहे. घरात बसून कोरमंगलातल्या कंपनीचं काम करते आणि दिवसभर लॅपटॉपशी बोलते. मुलगी गुणी आहे.)

तर बातमी अशी की आपली बोअर गेली. साडेचारशे फुटांची, यांच्या हातची, बत्तीस वर्षं चाललेली. मोटर वर काढून पाहिली, खाली नुसता गाळ. नळाचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, तेही स्वल्प. टँकरवाल्याला फोन लावला की तो मंत्र्यासारखा बोलतो.

आणि हे कळल्यावर आमचे प्रणीतराव सिंगापूरहून सुरू झाले. तुझा भाचा मुलगा म्हणून चांगला आहे, पण काळजी करायला लागला की त्याचा मॅनेजर होतो. म्हणतो, "आई, पाणी नसलेल्या घरात तू राहायचं नाहीस. वीस एप्रिलला मी येतो, बिल्डरशी बोलणं झालंय, घर त्याला देऊ." आणि मी कुठे? तर कनकपुरा रस्त्यावर म्हाताऱ्यांसाठी एक इमारत आहे, तिच्यात अकराव्या मजल्यावर. तिथं रोज सकाळी सात वाजता सगळ्यांनी मिळून हसायचं असतं. श्रीवत्सा, मी सकाळी सात वाजता यांच्याशीसुद्धा हसले नाही कधी.

मी त्याला म्हटलं, नवी बोअर मारते, पाणी लागलं तर मी इथंच राहणार. तो म्हणाला, "मामांना विचार. ते नाही म्हणाले तर विषय संपला." म्हणजे आता या घराचं काय ते तुझ्या हातात आहे. तू भूजल खात्यात एकतीस वर्षं काढलीस, आता घरच्या उपयोगाला ये.

जागा ठरलीय. यशवंतपूरच्या कांदा बाजारात ज्योतिबा म्हणून हमाल आहे, निपाणीकडचा. उन्हाळ्यात पाणी दाखवायची कामं करतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन सगळं आवार फिरला आणि मागच्या पेरूजवळ नारळ ताडकन उभा राहिला. "आक्का, हितं हाय बगा. गोडं पानी हाय. म्या आजवर चुकलो न्हाई," म्हणाला. मला फार धीर आला.

तुझं मत लवकर कळव.

तुझी,
अक्का


धारवाड
१७ फेब्रुवारी २०२४

अक्का,

नमस्कार लांबूनच करतो, गुडघे सध्या तेवढीच परवानगी देतात.

तुझं पत्र वाचलं. ज्योतिबाच्या नारळाबद्दल मला आदर आहे. तो जिथं उभा राहिला त्या पेरूखालून तुझ्या घराचा ड्रेनेजचा पाइप जातो. एकोणनव्वद साली तो टाकला तेव्हा मी तिथंच उभा होतो, भावोजी सावलीत होते. तेव्हा ज्योतिबाला पाणी सापडलं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गोडीबद्दल आहे.

आता शास्त्राचं. तुमच्या भागात वरची शंभर फूट माती कधीच कोरडी झाली. खाली सगळा काळा दगड. दगडात भेगा असल्या तर पाणी, नसल्या तर पूड. गेल्या तीस वर्षांत तुमच्या एका गल्लीत माणसांनी एवढी भोकं पाडली आहेत की आता भेगेला स्वतःसाठी जागा उरली नसेल. लोक पाचशेला थांबायला तयार नसतात. मग आठशे, मग हजार. प्रत्येक वेळी वाटतं, पाणी अजून पन्नासच फुटांवर आहे. मी माझ्या नोकरीत या पन्नास फुटांनी चांगली शहाणी माणसं वेडी झालेली पाहिली.

प्रणीतनंही मला ईमेल पाठवून रीतसर मत मागवलं आहे. त्याला वेगळं लिहितो.

एक लक्षात घे. त्या हसायच्या इमारतीखेरीज जगात दुसऱ्या जागाही आहेत. इथली मागची खोली सुधा गेल्यापासून रिकामीच आहे. हवा बरी आहे. फुटाणे, पेढे, चांगले डॉक्टर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मी आग्रह करत नाही, फक्त नोंद करतो.

कठीण काळात माणसानं वस्तुस्थितीकडे पाहावं, असं माझं मत आहे.

श्रीवत्स


मल्लेश्वरम
२५ फेब्रुवारी २०२४

चि. श्रीवत्सा,

तुझ्या अहवालाचा फोटो प्रणीतनं मला फोनवर पाठवला. सोबत लिहिलं, "आई, मामांनी क्लिअर लिहिलंय." अर्धं पान तुझ्या सुबक अक्षरात, आणि खाली एक ओळ अधोरेखित: पाणी लागण्याची शक्यता शून्य.

ती ओळ मी चारदा वाचली. आधी रडू आलं, ते खरं. मग चहा केला, आणि चहाबरोबर डोकं चालायला लागलं.

श्रीवत्सा, तू एकतीस वर्षांत कुणालाही शून्य लिहिलेलं नाहीस. तुझ्या खात्यात तुला "मध्यम ते कमी" म्हणायचे, ते मला ठाऊक आहे, कारण तुझी सुधाच हसत हसत सांगायची. वाळवंटातल्या माणसानं विचारलं असतं तरी तू "शक्यता कमी, तथापि" असं लिहिलं असतंस. तुझं लग्न ठरवताना मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हा तू "हरकत दिसत नाही" म्हणालास. असा माणूस माझ्या घराच्या बाबतीत एकदम शून्यावर कसा आला? इथं येऊन जमीन पाहिली नाहीस, यंत्र लावलं नाहीस. धारवाडच्या आरामखुर्चीतून तुला माझ्या परसातलं हजार फुटांखालचं दिसलं?

का लिहिलंस ते मला माहीत नाही. विचारतही नाही, कारण तू आणखी एक अहवाल पाठवशील.

मी बोअर मारणार आहे. परवानगीचा कागद आला, बोअर खणायची लॉरी ठरली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची माणसं आहेत, चार मार्चला येतात. तुझ्या ड्रेनेजचा मान राखून जागा बदलली, विहिणीच्या पंगतीला मांडव घातला होता त्या कोपऱ्यात खणणार. ज्योतिबाला परत बोलावलं. तो म्हणाला, "हितंबी हाय." भला माणूस आहे, कुणाचं मन मोडत नाही.

तू मोडलंस, हे मात्र नोंद करून ठेव.

अक्का


धारवाड
२९ फेब्रुवारी २०२४

अक्का,

अहवाल हा अहवाल असतो. त्यात नाती आणू नयेत.

शून्य हा शब्द व्यवहाराच्या अर्थानं वापरला आहे. कोरडी बोअर लागली की माणसाला जे वाटतं ते मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलं. ते तुझ्या चेहऱ्यावर नको होतं, एवढंच. निदान प्रत्येक शंभर फुटांना दगडाची पूड वेगळ्या पिशवीत ठेवायला सांग. आणि हजारला थांब. हजारला कोरडी तर कोरडी. मला तसं वचन दे.

इथं थंडी संपली. खोलीची खिडकी उघडून ठेवतो.

श्रीवत्स


मल्लेश्वरम
६ मार्च २०२४

हाय मामा,

मी संहिता, वरची. अक्कांचं मनगट सुजलंय (काळजी करू नका, लॉरीसमोर नारळ फोडताना स्वतःच फोडायचा हट्ट केला), म्हणून त्या म्हणाल्या तू लिही. खरं तर त्यांनी डिक्टेट केलं होतं, "पाणी लागलं. बाकी कुशल." पण एवढं घडलंय की मी दोन ओळींत कसं सांगू!

लॉरी आमच्या गल्लीत शिरताना समोरच्यांच्या बाल्कनीतली कुंडी गेली. मग मशीन सुरू झालं आणि असा आवाज की मी मीटिंगमध्ये म्यूटवरच होते दिवसभर. पांढरी पूड सगळीकडे. पेरू पांढरा, तुळस पांढरी, अक्कांचे केस आधीच होते. अक्का खुर्ची टाकून तिथंच बसल्या. तुम्ही सांगितलं तशा पिशव्या भरून घेतल्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा लिहिला. दोनशे, तीनशे, सगळं कोरडं. शेजारचे लोक येऊन बघून जायचे, सहाशेनंतर तेही यायचे बंद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी नऊशे. माझा नवरा अवधूत हळूच म्हणाला, आता यांना कोणीतरी सांगायला हवं. मी म्हटलं, तू सांग. तो वर निघून गेला.

हजारला मेस्त्रीनं मशीन थांबवलं. कोरडी. अक्का उठल्या, मेस्त्रीजवळ गेल्या आणि कन्नडात म्हणाल्या, अजून एक फूट. त्याला वाटलं गंमत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात काही पूज्यावर थांबवत नाहीत. अहेर एकशे एक, अक्षता घ्यायला एकवीस माणसं. माझ्या सासऱ्यांनी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा वीस झाल्या म्हणून एक वाढवली. हजारावर थांबलास तर मी तुला फाटकाबाहेर जाऊ देणार नाही." मामा, ती शेवटची पायरी मी रोज अडखळते, मला आज कारण कळलं.

मेस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, अम्मा, एक फूट असं नसतं, दांडा वीस फुटांचा असतो. अक्का म्हणाल्या, सरी, बरं, मग वीस घाल, मला त्यातला एकच हवाय.

आणि मामा, एक हजार बारा फुटांना पूड ओली आली! मग चिखल, मग फेस, मग पाणी उडालं. मेस्त्री म्हणाला एक इंचाची धार. ते खूप असतं का? अक्का नुसत्या पाण्यात हात घालून उभ्या राहिल्या. मी रडले, माहीत नाही का. माझं काय जातं, मी भाडेकरू.

तुमचा आदर करून एक विचारू? तुम्ही शून्य का लिहिलंत?

संहिता


धारवाड
११ मार्च २०२४

चि. संहितेस,

पत्र फार छान लिहिलंस. पिशव्या जपून ठेव.

अक्काला सांग, अभिनंदन. सोबत हेही सांग की हजार फुटांखालची भेग म्हणजे साठवणीतला डबा असतो. त्यात मागून कुणी भरत नाही. रोज तासाभराच्या वर मोटर चालवू नये. पाणी किती येतं ते रोज बादली लावून पाहावं आणि तारखेसह लिहावं. एक इंच पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लागतो. महिन्याभरानं काय ते बोलू.

अक्का हे ऐकून चिडेल. चिडू दे. पाणी लागल्याचा मला आनंद झाला नाही असं तिला वाटू देऊ नकोस. झाला. आवारात एक चक्कर मारली, त्यात गुडघाही विसरलो. मग घरात येऊन मागच्या खोलीची खिडकी लावली.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतकं माझं वय झालेलं नाही.

श्रीवत्स मामा


मल्लेश्वरम
३० मार्च २०२४

चि. श्रीवत्सा,

मनगट बरं आहे. अक्षर पाहतोसच.

तुझे बादली आणि तारखांचे उपदेश पोचले. इथं सगळं उत्तम आहे. पाणी पुरेसं आहे. प्रणीतला मी कळवलंय की बिल्डरला आता चहा पाजून वाटेला लाव. तो अजून "बघू" म्हणतो, तिकीट काही रद्द केलेलं नाही. येऊ दे, आईला बघून जाईल.

माझा दिवस सुखात जातो. देवाला फुलं आहेत, संध्याकाळी आठव्या क्रॉस रस्त्यापर्यंत फिरून येते. सकाळचं अंगण झाडते. सडा घालायचं मात्र सोडलं, रांगोळी कोरड्या जमिनीवरच काढते. आता कोण घालतं सडा? संहिता म्हणते कोरडीवर रांगोळी जास्त टिकते.

पाडव्याला गुढी उभारणार आहे, कडुलिंब-गूळही करीन. तू तुझ्या तब्येतीला जप. मी मजेत.

अक्का


धारवाड
५ एप्रिल २०२४

अक्का,

पुरेसं हा शब्द तू आयुष्यात कधी वापरला नाहीस. मीठ असो, लग्नातली माणसं असोत, तुला एक तर कमी पडतं नाही तर फार होतं. आणि बावन्न वर्षं, बाळंतपणाचे आणि सुतकाचे दिवस सोडून, तू सडा चुकवला नाहीस. भावोजी गेले त्याच्या पंधराव्या दिवशी मी तुला तांब्या घेऊन अंगणात पाहिलं होतं. तेव्हा मला वाटतं बोअर आटली आहे आणि तू वीस एप्रिल निघून जाईपर्यंत तोंड मिटून बसली आहेस.

मी हे प्रणीतला सांगणार नाही. कारण सांगायचा अधिकार मी घालवला आहे.

ऐक. तुझ्या जागेत पाणी लागायची शक्यता माझ्या मते कमी होती. मध्यम ते कमी म्हण. शून्य नव्हती. ते लिहिताना पेन एकदा थांबलं, तरी लिहिलं. मला वाटलं, घर गेलं तर अक्का त्या अकराव्या मजल्यावर जाणार नाही, रागानं माझ्याकडे येईल. मागच्या खोलीला रंग काढला होता, तुला सांगितलं नाही. न्हाणीत धरायला दांडी बसवली. तुझ्या उंचीवर बसवली, मला ती धरायला वाकावं लागतं. सुधा गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही, म्हणून यंत्र डबीत राहतं. ऐकायला तरी काय? लोकांना वस्तुस्थिती सांगत हिंडलो आणि स्वतः मात्र तुझ्या बोअरनं कोरडं जावं म्हणून वाट पाहत बसलो. मला याची लाज वाटते.

अजून एक राहिलं, तेही सांगून टाकतो. मी तुला कोरड्या घरातून ज्या घरी बोलावत होतो, तिथं आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. गेली कित्येक वर्षं. अंगणात नऊ पिंपं आहेत. हवा, पेढे आणि डॉक्टर लिहिले, पिंपं लिहिली नाहीत. भूजल खात्यातला निवृत्त अधिकारी आठव्या दिवशी नळाखाली पिंप सरकवतो, हे कुणाला सांगायचं?

आता तू काय म्हणशील ते ऐकायला यंत्र लावून बसलो आहे. पत्राला त्याची गरज नाही, हे माहीत आहे.

श्रीवत्स


मल्लेश्वरम
१२ एप्रिल २०२४

श्रीवत्सा,

हो, आटली. पंचवीस मार्चला. पहिले दहा दिवस एक इंच, मग अर्धा, मग मोटर नुसती हवा ओढून कोकलायला लागली. संहितेनं रोजच्या बादलीच्या तारखा लिहिल्यात, शेवटची ओळ तिनं रिकामी सोडली. तुझं शून्य खरं ठरलं. त्याचं श्रेय घेऊ नकोस, तू ते खोटं म्हणून लिहिलं होतंस.

आता माझंही ऐक. तू म्हणतोस मी आशेनं वेडी झाले. मला का दिसत नव्हतं? गल्लीतल्या सात बोअर माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. मी पाण्यासाठी खणत नव्हते रे. दारात लॉरी उभी असताना घर विकायचं बोलणं कुणी काढत नाही, म्हणून खणत होते. मुदत मागत होते. हजार फुटांपर्यंत माझ्याइतकं शहाणं या आवारात कुणी नव्हतं. शेवटचा एक फूट मागितला तेव्हा मात्र खरंच वाटलं, की लागेल. आणि लागलं, म्हणून तर फजिती झाली. कोरडी राहिली असती तर रडून मोकळी झाले असते. ते वीस दिवस मी मूर्खासारखी सुखात होते.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, तुझ्या नावानं संहितेला बरंच ऐकवलं. मग दांडीचं आठवलं की राग पुरेना. तू एकटा आहेस हे मला दिसायला हवं होतं. सुधाच्या दिवसांना आले होते तेव्हा अंगणातली पिंपं मीही पाहिली होती. मला वाटलं, माणसं जेवायला येणार म्हणून भाड्यानं आणलीत. बहीण म्हणून मी काय पाहिलं मग?

पाडव्याच्या दिवशी प्रणीतला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, पाणी मी टँकरनं भरीन गं. पण तू एकटी आहेस. पडलीस तर मला सिंगापूरला कळायला किती वेळ लागेल, हे मी रोज मोजतो." असं पहिल्यांदा बोलला. दोन महिने आम्ही मायलेक पाण्यावर भांडलो, आणि त्याच्या मनात पाणी नव्हतंच. तुझ्यासारखाच आहे, घाबरला की अहवाल मागवतो.

म्हणून मी त्याला सांगितलं की मी एकटी राहणार नाही. कुणाबरोबर, ते अजून सांगितलं नाही, कारण त्या माणसालाच मी अजून विचारलेलं नाही. आता विचारते.

तू इथं ये. मी तिकडे येणार नाही, हे घर सोडून मला जगता येणार नाही, आणि हे मी पाणी नाही हे नीट जाणून लिहिते आहे. बोअर बंद करून टाकली, तोंडावर दगड ठेवलाय. आता इथं तिसऱ्या दिवशी नळ आणि मधूनमधून टँकर, एवढंच आहे, आणि आम्हा दोघींना त्यात भागवता येत नाही. पहिल्याच दिवशी सगळं संपतं. तांदूळ धुतलेलं पाणी कुठे, कपड्यांचं कुठे, कुठलं पिंप आधी उघडायचं, संहितेला काही कळत नाही आणि मला कबूल करवत नाही. तुझी भूगर्भाची विद्या तुझ्याजवळ ठेव, तिचा मला एका इंचाचा उपयोग झाला नाही. पण आठ दिवसांचं पाणी पुरवणारा माणूस आमच्याकडे नाही. वीस तारखेच्या आत ये, प्रणीतला दाखवायला तू लागशील.

दांडी इथं नाही. बसवून घे, तुझ्या उंचीवर.

अक्का


धारवाड
१६ एप्रिल २०२४

अक्का,

पत्र काल दुपारी आलं. उभ्यानंच वाचलं.

गुरुवारच्या गाडीनं निघतो. यशवंतपूरला उतरेन, कुणाला पाठवू नकोस. पिंपं गाडीत घेत नाहीत, मी चौकशी केली. तिथंच पाच घ्या, निळी, रुंद तोंडाची, झाकणाला रबर असलेली. मी येईपर्यंत संहितेला तांदळाचं पाणी टाकू देऊ नकोस. माझ्या नळाची पाळी शेजारच्या गंगव्वाला दिली, किल्लीही तिच्याकडेच. मी जातो म्हटल्यावर तिनं आधी पिंपांचं विचारलं, मग माझं.

प्रणीतला सुधारित अहवाल लिहायला बसलो होतो. आता शून्य खरं आहे, आणि आता हात होत नाही. कागद कोराच ठेवला. समोर बसून काय ते सांगेन.

त्याला म्हणावं, मामा थोडे दिवस पाहुणा आला आहे. परतीचं तिकीट पाहायला मागेल, तो तसाच आहे. ते काढलेलं नाही. विसरला म्हणून सांग. हल्ली मी विसरतो, यावर त्याचा विश्वास आहेच.

श्रीवत्स